एंडोमेट्रिओसिस आणि शरीरसंबंध : दुखत असेल तर काय करायचं, टप्प्याटप्प्याने

पाळीत पोट धरून बसलेली बाई घरात सगळ्यांना दिसते. कुणी गरम पाण्याची पिशवी देतं, कुणी ओव्याचं पाणी, कुणी गोळी. पण संबंधाच्या वेळी ओटीपोटात खोलवर जी कळ येते ती कुणाला दिसत नाही, आणि सांगायची सोयही नसते. आईशी हा विषय निघत नाही. डॉक्टरांच्या केबिनमध्ये शेजारच्या खुर्चीवर सासू बसलेली असते. नवऱ्याला सांगावं तर तो दुखावेल ही भीती. मग बहुतेक जणी दात आवळून सोसतात, आणि या आजारात नेमकं सोसण्यानेच दुखणं वाढतं. हा लेख त्यासाठीच आहे. तुम्हाला एंडोमेट्रिओसिसचं निदान झालेलं असो, नाहीतर नुसती शंका असो.

आजार थोडक्यात असा. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर रुजतात. अंडाशयावर रुजल्या तर तिथे रक्ताची गाठ होते, तिलाच डॉक्टर ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. गर्भाशयाला मागून धरून ठेवणारे बंध, गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधली खोलगट जागा, कधी आतडं, कधी मूत्राशय, इथेही त्या रुजतात. त्या जागी सूज राहते, अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात १९ कोटींच्या आसपास स्त्रिया आणि मुलींना हा आजार आहे. निदान व्हायला अनेकदा कित्येक वर्षं जातात. आणि या आजाराच्या साधारण निम्म्या स्त्रियांना संबंधाच्या वेळी दुखतं. म्हणजे तुम्ही एकट्या नाही आणि तुमच्या मनाचे खेळही नाहीत.

दुखतं का, हे एकदा नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गर्भाशयामागचे बंध आणि ती खोलगट जागा योनीमार्गाच्या वरच्या टोकाला अगदी लागून असते. लिंग खोल गेलं की तिथल्या सुजलेल्या, ताठर झालेल्या भागाला धक्का लागतो, तो ताणला जातो. हे झालं पहिलं कारण. दुसरं असं की दुखणार हे शरीराला ठाऊक झालं की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आधीच आवळून बसतात, आणि आवळलेला स्नायू स्वतःच दुखतो. तिसरं कारण नसांचं. वर्षानुवर्षं वेदना झाली की मज्जासंस्था इतकी हळवी होते की साध्या स्पर्शालाही ती वेदना म्हणून नोंदवते. सोसत राहिलं की दुसरं आणि तिसरं कारण दर खेपेला बळकट होतं.

आधी दुखरा संबंध थांबवा

हा सगळ्यात अवघड टप्पा, आणि सगळ्यात आधीचा. तपासणी होऊन उपचाराची दिशा ठरेपर्यंत आत प्रवेश होणारा संबंध बंद ठेवा. जवळीक बंद करू नका. मिठी, चुंबन, मालिश, हाताने किंवा तोंडाने दिलेलं सुख, एकमेकांना बिलगून झोपणं, हे सगळं चालू राहू द्या. पुष्कळ जोडप्यांत उलट होतं. दुखण्याच्या भीतीने बाई साधा हात धरणंही टाळू लागते, कारण त्याचा शेवट कुठे होईल हे तिला माहीत असतं. ‘तिथपर्यंत जायचं नाही’ हे आधीच ठरलं की हात धरणं पुन्हा सोपं होतं.

नवऱ्याशी बोलायचं ते अंथरुणात नको, आणि भांडणानंतर तर नकोच. दोन खोल्यांच्या घरात एकांत मिळत नाही हे खरं. म्हणून जेवणानंतर चालायला बाहेर पडा, नाहीतर गाडीवरून येताना कुठेतरी थांबा. बोलणं असं सुरू करता येईल : “अहो, मला तुमच्याजवळ यावंसं वाटत नाही असं नाही. पण त्या वेळी आत खोल सुरी फिरवल्यासारखं दुखतं. हे आजाराचं दुखणं आहे. डॉक्टरांना दाखवून काय ते ठरेपर्यंत तेवढं आपण थांबवू.” अरेतुरेचं नातं असेल तर आणखी सरळ बोला. कुठे दुखतं, किती वेळ दुखतं, दुसऱ्या दिवशी काय होतं, हे त्याला कळू द्या. बऱ्याच नवऱ्यांना आपण हिला दुखवतोय हे माहीतच नसतं. कळल्यावर ते घाबरतात आणि लांब राहू लागतात. मग बायकोला वाटतं, आता मी याला नकोशी झाले. हा गैरसमज बोलण्यानेच सुटतो.

आणि समजावूनही तो जबरदस्ती करत असेल, तर ते आजारपण राहत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ यामध्ये लैंगिक अत्याचारही हिंसाचारात धरला आहे. १८१ हा महिला मदत क्रमांक आहे. जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते.

दोन पाळ्यांची नोंद ठेवा

साधी वही पुरे, फोनमधलं टिपण असलं तरी चालेल. नोंद नेमकी हवी. ‘खूप दुखतं’ एवढ्याने डॉक्टरांना काही कळत नाही. हे लिहा : दुखणं सुरुवातीला योनीच्या तोंडाशी आहे की खोल आत? जळजळ, टोचणं की दाबल्यासारखं? एका बाजूला जास्त आहे का? थांबल्यावर लगेच जातं की तासन्‌तास राहतं? पाळीचा कितवा दिवस होता? शून्य ते दहापैकी किती?

तोंडाशी जळजळ होत असेल तर कोरडेपणा, जंतुसंसर्ग किंवा आवळलेले स्नायू यांकडे बोट जातं. खोल आतली कळ गर्भाशयामागच्या आजाराकडे. दोन्ही एकत्रही असतात, आणि मग दोन्हींवर वेगवेगळे उपाय करावे लागतात. एकाच गोळीने सगळं जाईल ही अपेक्षा इथेच चुकते. सोबत शौचाला जाताना, लघवी करताना दुखतं का, विशेषतः पाळीत, हेही लिहा. आजार आतड्यापर्यंत किंवा मूत्राशयापर्यंत गेल्याची ती खूण असू शकते.

फक्त वेदना लिहून थांबू नका. या आजाराचा जगण्यावर काय परिणाम होतो हे मोजायला ऑक्सफर्डमध्ये ‘ईएचपी-३०’ नावाची प्रश्नावली तयार झाली. गेल्या चार आठवड्यांत काय झालं हे ती विचारते. वेदना, आपल्या हातात काही नाही ही हतबलता, मनाची अवस्था, लोकांचा आधार आणि स्वतःच्या शरीराबद्दल वाटणारं, अशी तिची पाच अंगं आहेत. संबंधांवरचे, कामावरचे, मूल होण्यावरचे प्रश्न त्याला जोडता येतात. हीच अंगं आपल्या वहीत शीर्षकं म्हणून घ्या. कामावर किती दिवस दांडी पडली, थकव्यामुळे काय राहून गेलं, इच्छा होते का, आरशात स्वतःकडे बघवतं का, एकेक ओळ लिहा. ही ओळ पुढे औषध बदलताना उपयोगी पडते.

डॉक्टरांपुढे हे वाक्य म्हणाच

“संबंधाच्या वेळी खोल आत दुखतं, त्यामुळे मी संबंध टाळते.” हे वाक्य तुम्हीच म्हणायचं आहे. पुष्कळ डॉक्टर स्वतःहून हा प्रश्न विचारत नाहीत. सोबत आलेल्यांना बाहेर बसवायचं असेल तर “मला दोन मिनिटं एकटीने बोलायचंय” असं सांगा. ते तुमच्या हक्काचं आहे. आतून तपासताना दुखलं तर “थांबा” म्हणायचाही हक्क आहे, आणि नेमकं कुठे दाबल्यावर तीच ओळखीची कळ आली हे सांगितलंत तर तपासणीचा खरा उपयोग होतो.

तपासण्यांबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवा. सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणून आजार नाही असं ठरत नाही. चॉकलेट सिस्ट सहज दिसते, पण पातळ किंवा मागे दडलेले चट्टे दिसायला आतून केलेली सोनोग्राफी आणि अनुभवी डोळा लागतो, कधी एमआरआय. सीए-१२५ या रक्ततपासणीवर निदान करू नये. आणि दुर्बिणीतून पोटात पाहिल्याशिवाय उपचार सुरूच होत नाहीत, हा काळ मागे पडला. युरोपच्या एश्रे या प्रजनन-वैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तसं स्पष्ट केलं आहे. लक्षणं आणि चित्र जुळत असेल तर औषध आधी सुरू करता येतं.

लग्न न झालेल्या मुलींची इथे फार कुचंबणा होते. “लग्न झालंय का?” एवढ्या एका प्रश्नावर आतून सोनोग्राफी करायची की नाही हे ठरतं. तुमचे संबंध आले असतील तर डॉक्टरांना एकांतात खरं सांगा, कारण तपासणी त्यावर अवलंबून आहे. आले नसतील तर पोटावरून, गुदमार्गातून केलेली सोनोग्राफी किंवा एमआरआय हे पर्याय आहेत. ‘लग्न झालं की थांबेल’ हा सल्ला मात्र ऐकून सोडून द्या. ज्या मुलीला पाळीत असह्य दुखतं तिला लग्नानंतर संबंधातही दुखण्याची शक्यता असते, आणि तेव्हा तिच्याजवळ बोलायला माहेरही नसतं. ‘एक मूल होऊ द्या, सगळं ठीक होईल’ हेही तसंच. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून काहींना बरं वाटतं, पण तो उपचार नव्हे.

रिपोर्टवर आजाराची पहिली ते चौथी पायरी (स्टेज) लिहिलेली असते. तिचा वेदनेशी थेट संबंध नाही. पहिल्या पायरीची बाई बेजार असू शकते, चौथ्या पायरीची एखादी बिनतक्रार. “थोडंसंच तर आहे” असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

औषध घेताना इच्छेकडेही लक्ष

भारतात डायनोजेस्ट या हार्मोनची २ मिलिग्रॅमची रोजची गोळी बरीच दिली जाते. त्याखेरीज गर्भनिरोधक गोळ्या खंड न पाडता, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन, आणि पाळी पूर्ण बंद करणारी इंजेक्शनं. काम साधारण एकच, आजाराला मिळणारं इस्ट्रोजेनचं खतपाणी कमी करणं किंवा अडवणं. यांनी बऱ्याच जणींची संबंधातली वेदनाही कमी होते. मात्र याच औषधांनी काहींना कोरडेपणा येतो, मन उदास होतं, इच्छा मावळते. इंजेक्शनांमध्ये गरम वाफा येणं आणि कोरडेपणा जास्त असतो, हाडांकडेही लक्ष ठेवावं लागतं. वेदना गेली पण इच्छाही गेली, तर तेही डॉक्टरांना सांगायचं. “आता दुखत नाही ना, मग झालं” असं स्वतःलाच समजावू नका. औषध बदलता येतं, कोरडेपणावर वेगळा उपाय देता येतो. मनाने बंद मात्र करू नका.

दोन गोष्टी वारंवार चुकतात. डायनोजेस्टची ही गोळी गर्भनिरोधक म्हणून दिलेली नसते, तेव्हा मूल नको असेल तर कंडोम वापरा. आणि ‘पाळी आली नाही तर घाण आत साचते’ ही भीती खोटी आहे. या औषधांवर अस्तर वाढतच नाही, पातळ राहतं, मग साचणार काय? सुरुवातीचे काही महिने मधूनच डाग पडतात, तेही अपेक्षित असतं. अर्धशिशीत डोळ्यांपुढे झगमग दिसत असेल, पायात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान असेल, तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या सुरू करण्याआधी ते सांगायलाच हवं.

शस्त्रक्रियेने खोलवरची वेदना बऱ्याच जणींची कमी होते, पण सगळ्यांची नाही, आणि आवळलेले स्नायू शस्त्रक्रियेने सैल होत नाहीत. विचारायचं ते हे : मागच्या बंधांवरचा आजार काढणार का? आतड्यावर असेल तर त्याचे सर्जन सोबत असतील का? मूल हवं असेल तर अंडाशयावरची गाठ काढण्याआधी एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) तपासणार का? कारण गाठीबरोबर बीजांचा साठाही कमी होऊ शकतो. ऑपरेशननंतर संबंध कधी सुरू करायचे ते नेमक्या आठवड्यांत विचारून घ्या.

‘पिशवीच काढून टाका’ हा सल्ला आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण इतकं वाढलं की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. एंडोमेट्रिओसिस गर्भाशयाच्या बाहेर असतो. नुसती पिशवी काढून बाहेरचा आजार तिथेच राहिला तर दुखणंही राहू शकतं, आणि अंडाशयही काढले तर रजोनिवृत्ती अकाली येते, सोबत कोरडेपणाही. काहींना ही शस्त्रक्रिया खरोखर लागते. पण ती दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्यावरच.

तळाच्या स्नायूंना सैल व्हायला शिकवा

माझ्या मते या आजारात सगळ्यात दुर्लक्षित उपाय हाच, आणि तो बराचसा घरी करता येतो. जांघेच्या पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. मूत्रमार्ग, योनीमार्ग, गुदद्वार तिच्यातून जातात. ती सतत आवळलेली असेल तर लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, शौचाला जोर करावा लागतो, बोट घातलं तरी दुखतं.

रोज दहा मिनिटं पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, एक हात पोटावर. श्वास घेताना पोट वर येऊ द्या आणि त्याच वेळी खालची झोळी पसरतेय, लघवी सोडताना होते तशी सैल पडतेय, इकडे लक्ष द्या. जोर लावायचा नाही. मग बालासन, आनंद बालासन, सुप्त बद्धकोणासन, प्रत्येकात काही सावकाश श्वास. ‘योनी आवळा-सोडा’चे केगल व्यायाम मात्र इथे मनाने करू नका. आधीच आवळलेल्या स्नायूला आणखी आवळण्याने दुखणं वाढतं. बद्धकोष्ठ असेल तर त्यावर आधी उपाय करा. कमोडवर बसताना पायाखाली छोटा पाट घेतला तरी फरक पडतो.

या विषयात काम करणारे पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपिस्ट मोठ्या शहरांत मिळतात, लांब असाल तर व्हिडिओवरूनही मार्गदर्शन घेता येतं. ते डायलेटर सुचवतील. या लहान ते मोठ्या गुळगुळीत नळ्या असतात. सगळ्यात लहानापासून, भरपूर ल्युब्रिकंट लावून, पाच-दहा मिनिटं, श्वास चालू ठेवून. वेदना दहापैकी तीनच्या वर गेली की थांबायचं. मोठा आकार घेण्याची घाई करू नका. शरीराला ‘आत काही गेलं तरी दुखत नाही’ हा अनुभव पुन्हा पुन्हा मिळणं महत्त्वाचं. बोट किंवा नळी कधी, किती, हे सगळं तुमच्या हातात असतं, आणि तेच त्यातलं औषध आहे.

पुन्हा जवळ येताना

दिवस निवडा. वहीत पाहिलंत तर पाळी संपल्यानंतरचे काही दिवस बहुतेकींना सोपे जातात, पाळीच्या आधीचे आणि बीज सुटण्याच्या सुमाराचे अवघड. आधी गरम पाण्याने अंघोळ, ओटीपोटावर शेक. डॉक्टरांनी वेदनाशामक चालेल म्हटलं असेल तर काहीतरी खाऊन ते अर्धा-पाऊण तास आधी घ्या.

घाई नको, याला शारीरिक कारण आहे. पुरेशी उत्तेजना झाली की योनीमार्ग लांबतो आणि गर्भाशय वर उचललं जातं. म्हणजे दुखऱ्या जागेपर्यंतचं अंतर वाढतं. उत्तेजनेआधीचा प्रवेश म्हणजे थेट त्या जागेवर धक्का.

ल्युब्रिकंट वापरण्यात कमीपणा नाही. औषधांवर असताना ओलावा कमी असू शकतो. पाण्यावर किंवा सिलिकॉनवर आधारित घ्या. आपल्या घरात खोबरेल तेल हाताशी असतं, पण लॅटेक्सच्या कंडोमबरोबर ते वापरलं तर कंडोम फाटू शकतो. मूल हवं असेल तर शुक्रजंतूंना अपाय न करणारं ल्युब्रिकंट मागा. बधिर करणारं मलम स्वतःहून लावू नका. वेदना ही इथे थांबण्याची खूण आहे, ती झाकली तर इजा होते.

प्रवेश किती खोल हे तुमच्या ताब्यात राहील अशी स्थिती निवडा. तुम्ही वर असाल तर किती आत, किती वेगाने हे तुम्ही ठरवता. कुशीवर, दोघांचं तोंड एकाच दिशेला, या स्थितीतही प्रवेश उथळ राहतो. पाय छातीशी घेतलेल्या किंवा मागून खोल जाणाऱ्या स्थिती बहुतेकींना सोसत नाहीत. लिंगाच्या मुळाशी घालायची मऊ कडी ऑनलाइन मिळतात, त्यांनी खोली कमी होते. आणि दोघांत एक शब्द ठरवा. तो उच्चारला की काही न विचारता थांबायचं, नाराज व्हायचं नाही. तो शब्द हमखास पाळला जातो हा विश्वास बसला की स्नायू आपोआप सैल पडू लागतात. नंतर कळा आल्या तर शेक द्या, आणि त्या वेळी नवऱ्याने पाठ फिरवून झोपू नये, एवढं त्याला आधीच सांगून ठेवा.

मूल हवं असेल तर

इथे कोंडी अशी होते की ज्या दिवसांत गर्भ राहण्याची शक्यता जास्त, त्याच दिवसांत दुखणं जास्त. शिवाय वरची हार्मोनची औषधं चालू असताना मुलासाठी प्रयत्न करता येत नाहीत, आणि ती थांबवली की वेदना परत येऊ शकते. घरातून ‘गोड बातमी कधी’ हा जप चालूच. म्हणून वंध्यत्वतज्ज्ञांकडे लवकर जा, वर्ष संपायची वाट पाहत बसू नका. संबंध सहन होत नसतील तर हे त्यांना स्पष्ट सांगा. गर्भाशयात शुक्रजंतू सोडण्याची साधी आययूआयची प्रक्रिया काहींना उपयोगी पडते, काहींना आयव्हीएफ. तारीख पाहून केलेला दुखरा संबंध हाच एकमेव मार्ग नाही.

मन

सततच्या वेदनेने येणारी उदासी, चिडचिड, ‘मी बायको म्हणून कमी पडते’ ही टोचणी, यांनाही उपचार आहे. वेदनेवर आणि लैंगिक प्रश्नांवर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे शक्यतो दोघांनी जा. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जगावंसं वाटत नाही असे विचार येत असतील तर आजच फोन करा.

तीन महिन्यांनी परत

वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि आकडे समोर ठेवा. पाळीची वेदना उतरली पण संबंधातली तशीच असेल, तर पहिला प्रश्न स्नायूंचा काढा. दोन्ही तशाच असतील तर औषध बदलायचं की एमआरआय करून शस्त्रक्रियेचा विचार करायचा, हे विचारा. संबंधानंतर रक्त जात असेल तर गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या, एंडोमेट्रिओसिसच्या नावावर ते सोडून देऊ नका. आणि अचानक असह्य पोटदुखी, ताप, चक्कर, सतत उलट्या, किंवा पाळी चुकलेली असताना एका बाजूला तीव्र कळ यांपैकी काहीही झालं, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच तासाला रुग्णालय गाठा. गाठ फुटलेली किंवा पिळवटलेली असू शकते, गर्भ नळीत राहिलेला असू शकतो.